काल दमलात, मग आज हळू का धावायचं?

रविवारची सकाळ लांब पल्ल्याची, हे धावणाऱ्यांमध्ये आता ठरूनच गेलं आहे. २०२६ साली प्रजासत्ताक दिन सोमवारी आला, म्हणजे लाँग रनच्या दुसऱ्याच दिवशी सुट्टी. जळगाव जिल्ह्यातल्या रावेरसारख्या तालुक्याच्या गावी धावणारे कोण असतात? शाळेतले सर, बँकेतले कर्मचारी, केळीवाले शेतकरी, एखादा दुकानदार, एखाद्या डॉक्टरीणबाई. या सगळ्यांना रविवार सोडला, तर एकाच दिवशी मोकळी सकाळ मिळणं एरवी जमत नाही. त्यामुळे कुणीतरी हमखास म्हणतं, "उद्या सहाला जमू, झेंडावंदनाच्या आत परत येऊ. फक्त रिकव्हरी रन." आणि ग्रुपमध्ये नुकताच आलेला माणूस विचारतो, "दादा, काल पाय मोडेस्तोवर धावलो. आज सुट्टी. तर झोपायचं सोडून पुन्हा धावायचं, आणि तेही चालल्यासारखं? त्यानं होतं काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला दिली जाणारी उत्तरं मात्र बऱ्याचदा ऐकीव असतात. त्यातलं सगळ्यात लाडकं उत्तर आधी तपासू.

१. पायात काल काय साचलं?

"पायात लॅक्टिक ॲसिड साचलंय, हळू धावलं की निघून जातं." हे वाक्य जिमपासून मैदानापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. जोरात धावताना स्नायूंना झटपट ऊर्जा लागते, ते साखर वेगानं मोडतात, आणि त्यातून लॅक्टेट नावाचा पदार्थ तयार होऊन रक्तात वाढतो, इथवर ते बरोबर आहे. पण धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट पूर्वीच्या पातळीवर येतं. हृदय, यकृत आणि विसावलेले स्नायू ते वापरून टाकतात. लॅक्टेट हा कचरा नाही, तेही एक इंधनच आहे. रविवारी आठ वाजता तुम्ही धावणं संपवलं असेल, तर दहाच्या आत ते संपलेलं असतं. सोमवारी सकाळी बाहेर काढण्याजोगं पायात काही उरलेलं नसतं.

मग जिना उतरताना मांड्या का ओरडतात? थिओडोर हॉफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९०२ साली लिहिलं, की व्यायामानंतर उशिरा येणारं हे दुखणं स्नायूच्या आतल्या बारीक फाटण्यातून येत असावं. पुढच्या शतकभरात तपशिलांत भर पडली, दुरुस्त्या झाल्या, पण मूळ दिशा तीच राहिली. स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागला, की त्याच्या सूक्ष्म रचनेला इजा होते. त्या इजेभोवती सूज येते, तिथल्या नसा हळव्या होतात.

ज्यांनी रावेरहून सातपुड्यात पालला जाणारा रस्ता धावून पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. सातपुड्याकडे चढताना दम लागतो, छाती भरून येते. पण दुसऱ्या दिवशी दुखतो तो उतार. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत शरीराचा भार अडवतो, आणि नेमकं हेच काम त्याला सगळ्यात महागात पडतं.

हे दुखणं २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळसाला पोचतं. म्हणजे रविवारी धावलात, तर सोमवारी सकाळी जे जाणवतं ते पूर्ण दुखणं नसेलही, खरा दिवस मंगळवार असू शकतो. सुट्टीच्या उत्साहात "आज तर बरं वाटतंय" म्हणून वेग वाढवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता सरळ प्रश्न. हळू धावल्यानं ही आतली दुरुस्ती लवकर होते का? फारशी नाही. अंग गरम झालं, रक्त खेळलं, की आखडलेपणा कमी होतो, तासभर बरं वाटतं. हा फायदा खरा आहे, पण तात्पुरता. दुरुस्ती होते ती झोपेत, पोटभर जेवणानं आणि वेळ गेल्यानं. त्यामुळे एखाद्याला सोमवारी सकाळी नऊपर्यंत झोपावंसं वाटलं, तर त्यानं काहीही गमावलेलं नाही.

मग हळू धावायचं कशासाठी? त्याचं कारण दुसरीकडे आहे.

२. दोन इंधनं

खानदेशात भरिताची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. काड्या भरकन पेटतात, ज्वाळा मोठी, साल पाच-दहा मिनिटांत काळी. पण त्याच काड्यांवर शंभर माणसांचा भात शिजवायला बसलात, तर सारखं कुणीतरी काड्या सारत राहिलं पाहिजे, आणि भारा बघता बघता संपतो. तिथे बाभळीचा ओंडका लागतो. तो सावकाश पेटतो, ज्वाळा बेताची, पण रात्रभर पुरतो.

शरीरातही अशी दोन इंधनं आहेत. काड्यांच्या जागी साखर. ती ग्लायकोजेन या रूपात स्नायूंत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास साठलेली असते. ओंडक्याच्या जागी चरबी.

हिशेब करून पाहू. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात. म्हणजे पूर्ण भरलेला साठा साधारण १,६०० ते २,४०० कॅलरींचा. धावताना खर्च किती? ढोबळ नियम असा, की दर किलो वजनाला दर किलोमीटरमागे १ कॅलरी. ६५ किलोचा माणूस ४२ किलोमीटर धावला, तर ६५ गुणिले ४२, म्हणजे २,७०० च्या वर. साठा कमी आणि खर्च जास्त. फुल मॅरेथॉनमध्ये तिसावा किलोमीटर ओलांडला की पाय अचानक संपतात, याचं मोठं कारण या वजाबाकीत आहे. आता चरबी पाहा. त्याच माणसाच्या अंगावर १० किलो चरबी असेल, आणि तेवढी सडपातळ माणसाकडेही असते, तर तिच्यात ७०,००० हून जास्त कॅलरी आहेत.

इंधनाचा तुटवडा नाहीच. अडचण आहे ती चरबी पुरेशा वेगानं जाळण्याची. ती फक्त ऑक्सिजनच्या साहाय्यानं जळते, आणि पेशीतल्या ठरावीक जागी जळते. त्या जागांना मायटोकाँड्रिया म्हणतात. जॉन होलोझी या अमेरिकन वैज्ञानिकानं १९६७ साली उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवलं आणि त्यांचे स्नायू तपासले. ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढण्याची त्या स्नायूंची क्षमता जवळपास दुप्पट झाली होती. सरावानं हृदय बळकट होतं, हे आधीपासून ठाऊक होतं. पायाच्या स्नायूंच्या आतली यंत्रणासुद्धा सरावानं वाढते, हे त्या उंदरांमुळे पक्कं कळलं. माणसातही तसंच घडतं. जोडीला स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं.

ही वाढ घडवायची तर आठवडेच्या आठवडे, बराच वेळ पाय चालते राहावे लागतात. जोरात धावल्यानंही ती होते, पण तसं रोज धावता येत नाही, कारण प्रत्येक वेळी मोडतोड होते आणि ती भरून यायला दोन-तीन दिवस जातात. हळू धावण्याची मोडतोड थोडी असते. सोमवारची चाळीस मिनिटं म्हणून मोलाची: आठवड्याच्या सरावात वेळ वाढतो आणि मंगळवार-बुधवारच्या ताकदीला धक्का लागत नाही. धावणं मात्र खरोखर हळू असलं पाहिजे. थोडा वेग वाढला, की दोन्ही बाजूंनी तोटा. मोडतोड वाढते आणि जोरदार सरावाचा फायदाही पदरात पडत नाही.

३. ऑकलंडचा चांभारकाम करणारा गुरू

हळू आणि पुष्कळ धावायची ही पद्धत जगाला पटवून दिली ती न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डनं. ऑकलंड शहरात बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. कुठल्या विद्यापीठाची पदवी नाही. स्वतःवर प्रयोग करून त्यानं ठरवलं, की आधी महिनोन्महिने धाप न लागता लांब धावून पाया घालायचा, वेग त्यानंतर. आजूबाजूच्या गल्ल्यांतली पोरं त्याच्याकडे आली. रविवारी त्यांना तो सुमारे ३५ किलोमीटरचा डोंगरी फेरा मारायला लावायचा, आणि त्यात ८०० मीटरवाल्यालाही सूट नव्हती.

२ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलनं ८०० मीटरचं सुवर्णपदक घेतलं, आणि तासाभराच्या आत मरे हॅलबर्गनं ५,००० मीटरचं. काही दिवसांनी बॅरी मॅगीनं मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळवलं. शेजारपाजारची पोरं, एक गुरू, तीन पदकं.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं मला याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. लिडियार्डनं हीच पद्धत ऑकलंडमधल्या पोट सुटलेल्या, हृदयविकार झालेल्या प्रौढांना लावली. स्पर्धा नाही, घड्याळ नाही, गप्पा मारत धावायचं. १९६२ साली तिथे जॉगिंगचा क्लब उभा राहिला. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणे म्हणून गेले आणि एका रविवारी क्लबबरोबर धावायला उतरले. पन्नाशीच्या बॉवरमनना लवकरच धाप लागली. सत्तरी ओलांडलेला एक सभासद, ज्याला आधी हृदयविकार होऊन गेला होता, वेग कमी करून त्यांच्यासाठी मागे राहिला आणि सोबतीनं धावला. अमेरिकेला परतल्यावर बॉवरमननी सामान्य लोकांसाठी तसेच वर्ग सुरू केले, आणि १९६७ साली एका हृदयतज्ज्ञाबरोबर जॉगिंगवर पुस्तक लिहिलं. आपल्या खेळाडूंना ते एक दिवस कष्टाचा, दुसरा सोपा, असा क्रम लावत. आज जगभर जो रिकव्हरी रन म्हणून ओळखला जातो, तो या सोप्या दिवसाचाच वंशज आहे.

नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी पुढे अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी पाहिल्या. रोइंग, स्कीइंग, धावणं, खेळ कुठलाही असो, साधारण ८० टक्के सराव हलका आणि २० टक्के कठीण, असंच चित्र त्यांना दिसलं. हौशी धावणाऱ्यांचं बहुतेक वेळा उलट होतं. त्यांचं सगळंच मध्यम वेगात चालतं, सोपं पुरेसं सोपं नसतं आणि कठीण पुरेसं कठीण नसतं.

४. हळू म्हणजे किती हळू?

घड्याळ, छातीचा पट्टा, मोबाइलचं ॲप यांपैकी काही जवळ नसेल, तरी चालेल. बोलून पाहा. धावता धावता पूर्ण वाक्य, न तुटता, बोलता आलं पाहिजे. रावेरमध्ये यासाठी विषय शोधावा लागत नाही, केळीचा भाव आहेच. "परवा पिलबागेचे घड काढले, पण व्यापारी म्हणतो माल बारीक आहे, जाहीर भावापेक्षा कमीच देईन, म्हणून म्हटलं राहू दे, दोन दिवस थांबतो" एवढं सगळं एका दमात सांगता आलं, तर तुमचा वेग बरोबर. "परवा पिलबागेचे..." म्हणून श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे, मग घड्याळ काहीही दाखवो. आणि शेजारचा नुसतंच "हो... हो" म्हणत असेल, तर त्याची ती सहमती समजू नका, त्याला दम लागला आहे.

मला ही कसोटी सगळ्या यंत्रांपेक्षा भरवशाची वाटते, कारण ती त्या दिवशीच्या शरीराला विचारते. रात्री जागरण झालं असेल, हवा दमट असेल, आदल्या दिवशीचा शीण असेल, तर नेहमीच्याच वेगाला धाप लागते, आणि ती बोलण्यात लगेच कळते.

आकड्यांची आवड असलेल्यांसाठी दोन हिशेब. पहिला पेसचा. समजा तुमची हाफ मॅरेथॉन दोन तासांत होते. १२० मिनिटं भागिले २१.१ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. सोप्या दिवशी त्यात दीड ते दोन मिनिटं मिळवा. किलोमीटरला सव्वासात ते पावणेआठ मिनिटं लागू द्या. चाळीस मिनिटांत जेमतेम साडेपाच किलोमीटर होतील. होऊ देत.

दुसरा हिशेब हृदयाच्या ठोक्यांचा. वयाला ०.७ नं गुणा आणि ते २०८ मधून वजा करा. चाळिशीच्या माणसाचं उत्तर १८०. हा त्याच्या कमाल ठोक्यांचा अंदाज. त्याच्या ६० ते ७० टक्के, म्हणजे मिनिटाला १०८ ते १२६ ठोके, हा सोपा पट्टा. पण हे सूत्र सरासरीवरून काढलेलं आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके मुद्दाम कमी ठेवतात, त्या घेणाऱ्यांना तर हे सूत्र लागूच पडत नाही. ठोके आणि बोलणं यांत वाद झाला, तर बोलण्याचं ऐका.

दुसऱ्याचा वेग पाहून स्वतःचा ठरवू नये. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. साताऱ्याचे सदाशिव दातारही त्या शर्यतीत उतरले होते. त्या वर्षी अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं, आणि चौगुल्यांना २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद लागले. भागाकार केला, तर किलोमीटरला जवळपास बरोबर ४ मिनिटं, तेही शंभर वर्षांपूर्वीच्या बुटांत. अशा माणसाचा "सोपा" वेग आपल्यातल्या बहुतेकांचा शर्यतीचा वेग ठरेल. म्हणून तुलना करायची ती स्वतःच्या श्वासाशी.

ज्यांना हळूत हळू धावतानाही बोलता येत नाही, त्यांनी दोन मिनिटं धावावं, एक मिनिट चालावं. यात कमीपणा काही नाही. त्यांच्यासाठी ते मिश्रण म्हणजेच सोपं धावणं.

५. ग्रुप वेग कमी ठेवतो आणि वाढवतोही

एकट्यानं हळू धावणं कठीण जातं, कंटाळा येतो, पाय आपोआप उचलले जातात. सोबत असली, गप्पा असल्या, की वेग आवरतो. हा ग्रुपचा फायदा. पण त्याच ग्रुपमध्ये एकानं अर्धं पाऊल पुढे टाकलं, की शेजारचा बरोबरी करतो, मागचे ओढले जातात, आणि तिसऱ्या किलोमीटरला कुणी काही ठरवलेलं नसताना शर्यत सुरू झालेली असते. सुट्टीच्या दिवशी हे जास्त होतं. कामाची घाई नसते, एरवी न येणारे आलेले असतात, आणि त्यांना आपण किती सुधारलो हे दाखवायचं असतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला सोपा. सगळ्यात हळू धावणाऱ्यानं पुढे राहायचं, त्याला कुणी ओलांडायचं नाही. वयानं मोठे काका किंवा नुकत्याच सुरुवात केलेल्या ताई पुढे असल्या, की मागच्यांना "काका, जरा चला की" म्हणायचा धीर होत नाही, आणि वेग आपोआप योग्य राहतो.

दुसरा उपाय ग्रुपमध्ये वेगाचा फरक फार असेल तेव्हाचा. अंतर ठरवू नका, वेळ ठरवा. वीस मिनिटं जायचं, शिट्टी वाजली की जिथे असाल तिथून मागे वळायचं. समजा एकाला किलोमीटरला ७ मिनिटं लागतात, दुसरीला ९. वीस मिनिटांत तो २.८ किलोमीटरच्या पुढे गेला, ती २.२ वर पोचली. दोघं एकाच वेळी वळले, तर परतीच्या वाटेवर ती सहाशे मीटर पुढे आणि तो मागे. दोघांनी आपापला वेग राखला, तर चाळिसाव्या मिनिटाला दोघं एकत्रच पोचतात. मागे कुणी एकटं राहत नाही आणि कुणाला थांबावंही लागत नाही.

वाट कुठली निवडायची? रावेर तालुक्याची जमीन उत्तरेकडच्या सातपुड्यापासून दक्षिणेला तापीकडे हळूहळू उतरत जाते. डोळ्याला ती सपाट दिसते, पण दुखऱ्या मांड्यांना कळते. म्हणून आदल्या दिवशी पालच्या बाजूला चढ-उतार झाला असेल, तर सोमवारी शक्यतो पूर्व-पश्चिम जाणारा शिवाररस्ता घ्यावा. मातीची वाट असेल तर आणखी चांगलं. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता सरळ आणि डांबरी असल्यानं मोह पाडतो, पण पहाटे त्यावर केळीचे ट्रक असतात, आणि सव्वीस जानेवारीला इथे सूर्य सात वाजून गेल्यावरच उगवतो. सहाला निघालात, तर पहिली वीस-पंचवीस मिनिटं अंधारच. मोठ्या रस्त्यानं धावायचंच झालं, तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेनं, दोघांहून जास्त जण शेजारी न येता, आणि अंगावर चमकणारी पट्टी किंवा निदान पांढरा शर्ट घालून.

शिवारात शिरल्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली, जानेवारीत अजून लहान. मृगबाग जून-जुलैची, ती माणसापेक्षा उंच झालेली. रात्रीचं पाणी दिलं असेल, तर त्या बागांजवळ थंडी जास्त बोचते. पहिली दहा मिनिटं जाड कपडा अंगात असू द्या, घाम यायला लागला की कमरेला बांधा. गारठलेले स्नायू घेऊन सुरुवातीलाच वेग घेणं, विशेषतः आदल्या दिवशी दमलेल्यांनी, टाळलेलंच बरं.

एक गणित पाहा, म्हणजे हळू धावण्यातही पायांवर किती भार पडतो ते कळेल. मिनिटाला १६० पावलं धरली, तर चाळीस मिनिटांत ६,४०० पावलं, एका पायाला ३,२००. प्रत्येक वेळी जमिनीवर टेकताना शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार येतो. ६० किलोच्या बाईच्या एका पायावर १२० ते १८० किलो, आणि तेही ३,२०० वेळा. म्हणून चाळीस मिनिटं पुरेत. सुट्टी आहे म्हणून दीड तास धावलात, तर ते रिकव्हरी रन राहत नाही.

६. कुणी येऊ नये

दोन्ही मांड्या किंवा दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखत असतील, धावायला लागल्यावर दहा मिनिटांत दुखणं कमी होत असेल, तर या. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, विशेषतः नडगीच्या हाडावर किंवा पावलात, आणि धावताना ते वाढत असेल, तर येऊ नका. ते हाडाचं दुखणं असू शकतं. लंगडत धावणं तर कुणीच करू नये, कारण एक पाय वाचवताना दुसरा जातो.

ताप असेल तर घरी थांबा. सकाळी उठल्यावर, अंथरुणातच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त लागत असेल, तरी थांबा. शरीर अजून कालच्याच कामात आहे. छातीत दुखलं, चक्कर आली, किंवा लांब धावल्यानंतर लघवी चहासारखी गडद झाली, तर सुट्टी असो की नसो, थेट डॉक्टरांकडे.

आदल्याच आठवड्यात मुंबईला फुल मॅरेथॉन धावून आलेल्यांनी तर घाई करूच नये. २०२६ ची मुंबई मॅरेथॉन १८ जानेवारीला होती, म्हणजे सव्वीस तारखेला जेमतेम आठ दिवस झाले. बेचाळीस किलोमीटरची मोडतोड आठ दिवसांत भरतेच असं नाही. अशांनी ग्रुपबरोबर यावं, पण चालावं.

७. परतल्यावर काय खायचं?

महाराष्ट्रात सव्वीस जानेवारीला जिलेबी लागतेच, आणि चाळीस मिनिटं हळू धावून आलेल्या माणसानं ती खाऊ नये असं सांगण्याचं मला काही कारण दिसत नाही. फक्त हिशेब माहीत असावा. ६५ किलोचा माणूस ५ किलोमीटर धावला, तर खर्च साधारण ३२५ कॅलरी. मध्यम आकाराच्या एका केळ्यात १०५ च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे तीन केळी खाल्ली की बरोबरी झाली.

केळी इथल्या मातीतली. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२१ साली रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी दुबईला रवाना झाली. धावणाऱ्यासाठी तिचं मोल आहे ते साखरेसाठी. एका केळ्यात सुमारे २७ ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि रविवारी रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा भरायला तीच लागतात. केळीतल्या पोटॅशियमनं पायात गोळे येत नाहीत, असं मात्र अनेक जण समजतात, त्याला भक्कम पुरावा नाही. घामातून पोटॅशियम थोडंच जातं, जास्त जातं ते मीठ. जोडीला डाळ, उसळ, दूध, अंडं यांपैकी काहीतरी हवं, कारण स्नायूंच्या दुरुस्तीला प्रथिनं लागतात. आणि दुपारी झोप लागली तर झोपा. सुट्टीचा त्याहून चांगला उपयोग नाही.

८. एक मे आणि पंधरा ऑगस्ट

हीच सकाळ महाराष्ट्र दिनी वेगळी असते. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि रात्रीही जमीन पुरती निवत नाही. उन्हात शरीराला दोन कामं एकदम करावी लागतात, स्नायूंना रक्त पुरवायचं आणि त्वचेकडेही पाठवायचं, म्हणजे घाम येऊन उष्णता बाहेर पडेल. त्यामुळे तोच वेग, तेच अंतर, पण ठोके कितीतरी जास्त. जानेवारीत ज्या पेसला तुम्ही केळीचा भाव सांगत होतात, त्याच पेसला मे महिन्यात गप्प व्हाल. पेसकडे पाहू नका, वेग उतरू द्या.

उन्हाची सवय होते, पण तिला दहा ते चौदा दिवस लागतात. आधी रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, मग घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. हिवाळाभर धावलेला माणूस एप्रिल संपेपर्यंत घरी बसून एकदम एक मेच्या सकाळी ग्रुपबरोबर उतरला, तर त्याच्यापाशी ही तयारी नसते. त्या दिवशी सूर्य सहाच्या आधीच उगवतो, म्हणून पाचला निघून पावणेसहापर्यंत परतणं बरं. पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना वीस मिनिटं पुरे.

पंधरा ऑगस्टला ऊन नसतं, पण हवेत दमटपणा असतो. घाम येतो, वाळत नाही, आणि न वाळलेल्या घामानं अंग थंड होत नाही. शिवाररस्ते चिखलाचे होतात आणि घोट्यांना धोका वाढतो. त्या दिवशी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारणं हा साधा, सुरक्षित पर्याय आहे, आणि झेंडावंदन तिथेच असल्यानं कुणाला उशीरही होत नाही.

पुन्हा जानेवारीकडे येऊ. सोमवारची सुट्टी संपली की पुढचं जोरदार धावणं कधी घ्यायचं, हा प्रश्न ग्रुपवर त्याच दुपारी येतो. तारीख पाहून त्याचं उत्तर देता येत नाही. जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही, सकाळची नाडी नेहमीच्या जागी आली आहे, आणि पहिल्या दहा मिनिटांत पाय स्वतःहून मोकळे होतात, या तीन गोष्टी जमल्या की घ्या. काहींना ते बुधवारी जमेल, काहींना शुक्रवारी, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी थेट पुढच्या रविवारपर्यंत थांबायला हरकत नाही.